‘दोन लावा’ म्हणणारे आपणच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोयते नाचवत गाड्या फोडणारी पोरे पकडली गेली, की त्याच वस्तीतून हात जोडायला लावून त्यांची धिंड काढली जाते आणि तिची चित्रफीत संध्याकाळपर्यंत सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते, हे पुण्यात आता नित्याचे झाले आहे. खाली ‘असाच हवा पोलिसी खाक्या’ असे शेरे पडतात. ते लिहिणारे सुशिक्षित, निवृत्त, एरवी सिग्नल पाळणारे लोक असतात. कोयत्याची दहशत खोटी नाही, हे मलाही मान्य आहे. परंतु भारतीय न्याय संहितेच्या चौथ्या कलमात मृत्युदंडापासून समाजसेवेपर्यंत ज्या सहा शिक्षा सांगितल्या आहेत, त्यांत धिंड नाही; आणि त्या सहांपैकी एकही देण्याचा अधिकार पोलिसांना नाही.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत दागिन्यांची चोरी झाल्याची तक्रार झाली आणि संशय धुणीभांडी करणाऱ्या बाईंच्या मुलावर गेला. पोलिस ठाण्यात गेलेल्या चौघांत मी होतो. ‘दोन लावा, लगेच बोलेल,’ असे आमच्यापैकी एक जण म्हणाला आणि बाकीचे तिघे गप्प बसलो. मुलगा बोललाही, त्याने चोरी कबूल केली. तिसऱ्या दिवशी तो भिंतीला धरत घरी आला आणि पुढच्या महिन्यात दागिने तक्रारदाराच्याच घरातल्या तांदळाच्या डब्यात सापडले. ते सांगायला मात्र आमच्यापैकी कोणी ठाण्यात गेले नाही.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही, हा नियम इंग्रजांनी 1872 च्या पुरावा कायद्यात घातला आणि 2023 च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. कबुलीतून एखादी वस्तू हाती लागली, तर तेवढाच भाग ग्राह्य धरला जातो. म्हणजे मारहाणीतून खटला उभा राहत नाही. तक्रारदाराचे तात्पुरते समाधान होते, इतकेच. (ज्या पट्ट्याने हे समाधान साधले जाते, त्याला ठाण्यांत ‘बाजीराव’ म्हणतात. शनिवारवाड्याच्या गावाला याचे काही वाटू नये, याचे नवल वाटते.)

डिसेंबर 2019 मध्ये हैदराबादजवळ चार आरोपी चकमकीत मारले गेले, तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. ती चकमक बनावट असल्याचा निष्कर्ष निवृत्त न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने काढला आणि दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवण्याची शिफारस केली. हा अहवाल 2022 मध्ये जाहीर झाला, तेव्हा ज्यांनी फुले उधळली होती, त्यांच्यापैकी किती जणांनी तो वाचला असेल? इतके लांब तरी कशाला जायचे? 9 ऑगस्ट 2011 रोजी पवना जलवाहिनीविरुद्धच्या आंदोलनात मावळातील तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात मरण पावले, तेव्हा आपण सारे हळहळलो होतो. समोर कोण आहे हे पाहून हळहळायचे की शिट्टी वाजवायची ते ठरवण्याची सवय आपल्याला आहे. बळाचा वापर करणाऱ्या हाताला अशी निवड शिकवलेली नसते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये प्रत्येक पोलिस ठाण्यात आवाजासह चित्रीकरण करणारे कॅमेरे बसवण्याचा आदेश दिला. राज्यात पोलिस तक्रार प्राधिकरणही आहे. मोहल्ला समितीच्या किंवा गणेशोत्सवापूर्वीच्या बैठकांत नागरिक पार्किंग आणि ध्वनिक्षेपकाबद्दल तावातावाने बोलतात. आपल्या ठाण्यातील कॅमेरे चालू आहेत का, हा प्रश्न मी तरी आजवर कोणाच्या तोंडून ऐकलेला नाही. पुढच्या बैठकीत तो मी विचारणार आहे.

आपल्याला एक विनंती. कोठडीतील किंवा रस्त्यावरील मारहाणीच्या बातमीत ‘चोप’, ‘प्रसाद’, ‘खाक्या दाखवला’ हे शब्द येतात, तेथे यापुढे ‘मारहाण’ असेच छापावे.

आपला,
एक वाचक, सहकारनगर, पुणे