मोडकी खुर्ची भंगारात देऊ नका

सप्रेम नमस्कार.

चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी साफसफाई सुरू झाली की माडीवरची, वेत फाटलेली शिसवी खुर्ची खाली येते आणि थेट भंगारवाल्याच्या टेंपोत जाते. यंदा ती आम्हाला द्या.

गोव्यातल्या कारागिरांनी घडवलेली, हस्तिदंत जडवलेली १७व्या शतकातली कपाटं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत. आपल्या बाल्कांवावरची (घरापुढच्या ओसरीवरची) वोल्तेर, म्हणजे लांब हातांची आरामखुर्ची, लग्नात दिलेला कुंकळ्ळीचा संदूक, देवळातली पालखी हीसुद्धा इथल्याच च्यारी-मेस्तांची, म्हणजे सुतार कारागिरांची कामं. ती मात्र आपण गळक्या खोलीत टाकतो.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या मंडळाने गेल्या पावसाळ्यापासून कार्यालयाच्या पडवीत दोन वयस्क मेस्तांना बसवलं आहे. त्यांच्याकडे सुतारकाम आणि वेताचं विणकाम शिकायला सहा जण येतात. चौघांची शाळा मध्येच सुटलेली, दोघांना दिसत नाही. वेत विणायला डोळे लागत नाहीत, हे आधी आम्हालाही पटलं नव्हतं. चौकटीची भोकं बोटांनी मोजायची, पाण्यात भिजवून मऊ केलेली पट्टी आधी उभी घालायची, मग आडवी, पुन्हा उभी, पुन्हा आडवी, शेवटी दोन्ही बाजूंनी तिरकी. चूक त्यांच्या बोटांना लगेच कळते. आम्हा डोळसांना ती दोन ओळी पुढे गेल्यावर दिसते. ओला वेत वाळताना स्वतःच ताणून बसतो.

सुतारकामाची शिस्त कडक आहे. मेस्त खिळा मारू देत नाहीत, कूस (लाकडाचं कोरलेलं टोक) सालीत (त्यासाठी पाडलेल्या खाचेत) नीट बसलीच पाहिजे. बाजारचा गोंदही त्यांना खपत नाही. (यावर मंडळात दोन तट आहेत.)

हवं आहे ते असं. मोडक्या खुर्च्या, पलंग, अगदी सुटा पायही चालेल, कारण नवं शिसव परवडत नाही आणि जुन्याची सर त्याला नाही. आजोबांचे रंधे, पटाश्या, वाकस गंजलेले असले तरी द्या. वेत आणि शिकणाऱ्यांचा रोजचा भत्ता यांसाठी जमेल तेवढी रक्कम द्यावी, पावती मिळेल. देणगी नको वाटत असेल तर दुरुस्तीचं काम द्या, त्याची मजुरी थेट त्या मुलांच्या हातात जाते. आम्हाला खरं तर हेच जास्त आवडेल.

मंडळाचं कार्यालय रविवार सोडून रोज संध्याकाळी ५ ते ७ उघडं असतं. जड सामान असेल तर निरोप द्या, मुलं येऊन नेतील. वाळवी लागलेली असल्यास मात्र आधी सांगा. आमच्या पडवीचे वासेही लाकडाचेच आहेत.