सरकारी कपाटातला पक्ष

लालबाग, रविवार

प्रिय शिरीष,

व्याख्यानात कम्युनिस्ट पक्षाचं जन्मसाल कोणतं सांगू, असं विचारतोस. अरे, भांडण तिथूनच सुरू होतं! भाकपवाले डिसेंबर १९२५ची कानपूर परिषद धरतात, माकपवाले ऑक्टोबर १९२० मधलं ताश्कंद, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय आणि आणखी सहा जण. तू दोन्ही सालं सांग आणि वेळ मीरत कटाच्या खटल्याला दे.

२० मार्च १९२९. आदल्या वर्षी मुंबईच्या गिरण्या सहा महिने बंद पडल्या होत्या आणि त्या संपातून लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली होती. सरकारनं एकाच दिवशी देशभर धरपकड केली. पुढे पक्षाचे अध्यक्ष झालेले डांगे, घाटे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर, बर्लिनहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन नुकतेच परतलेले गंगाधर अधिकारी, गिरणीतले अर्जुन आळवे, शिवाय दोन इंग्रज; तिसरा नंतर पकडला. आरोप काय, तर बादशहाचं हिंदुस्थानवरचं सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट! खटला मुंबईत चालवला तर ज्युरी आली असती, म्हणून मीरत. निकाल लागायला जवळजवळ चार वर्षं गेली. आरोपींनी पिंजऱ्यातून दिवसच्या दिवस राजकीय निवेदनं केली, आणि कारकुनांनी ती इमानेइतबारे उतरवून घेतली. जप्त झालेली पत्रं, पत्रकं, वह्या पुराव्यात लागल्या. पक्षाला स्वतःचं दप्तर ठेवण्याची सोय नव्हती, ते सरकारनंच ठेवलं.

आमच्या घरात कागदाचा कपटा उरलेला नाही. १९३४ला पक्षावर बंदी आली तेव्हा आजोबा गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकामात होते. रात्री कुणीतरी येई, जेवे, चिठ्ठी देई. वाचून झाली की ती शेगडीत. नाव विचारायचं नाही. चाळीच्या सामाईक गॅलरीत कसलं आलंय भूमिगत, सगळ्यांना सगळं माहीत असणार, पण बोलत कुणी नसे. म्हातारपणीसुद्धा आजोबा विजेच्या बिलाचे बारीक तुकडे करूनच टाकत. आजी चिडायची.

बंदी जुलै १९४२ला उठली, कारण हिटलर रशियावर चालून गेल्यावर पक्षानं युद्धाला लोकयुद्ध ठरवून पाठिंबा दिला होता. महिन्याभरात ‘चले जाव’. अरुणा असफअली, अच्युतराव पटवर्धन भूमिगत होत होते, आणि इतकी वर्षं लपलेले आमचे लोक उजेडात! आजोबांना हे शेवटपर्यंत सलत होतं. यावर सभेत हटकून प्रश्न येईल, तयार राहा.

आता त्या कपाटाची दुसरी बाजू. १९२४च्या कानपूर कटाच्या खटल्यात डांग्यांना चार वर्षांची शिक्षा झाली होती. चाळीस वर्षांनी, १९६४च्या मार्चमध्ये, तुरुंगातून ‘सरकारला मदत करतो’ असं लिहिलेली त्यांच्या नावाची पत्रं दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून बाहेर आली. डांग्यांनी ती बनावट म्हणून झटकली. एप्रिलमध्ये पक्षाच्या राष्ट्रीय परिषदेतले ३२ जण उठून गेले आणि त्याच वर्षी पक्ष भाकप आणि माकप असा दुभंगला. चीनचा, काँग्रेसशी कसं वागायचं याचा वाद आधीपासून होताच, नुसत्या पत्रांनी पक्ष फुटत नाही. पण निमित्त सापडलं ते इंग्रजांच्या फायलीत, आणि खरं-खोटं ठरवायला पक्षाकडे स्वतःचा एक कागद नव्हता.

पत्रं खरी की खोटी यावर तू मत देऊ नकोस, मीही इतकी वर्षं दिलेलं नाही. मीरतच्या त्या गंगाधर अधिकारींनी संपादलेले पक्षाच्या कागदपत्रांचे दोन खंड माझ्याकडे आहेत. शनिवारी ये, घेऊन जा. मागच्या वेळचं पुस्तक अजून तुझ्याकडेच आहे, तेही आण.

तुझा,
अविनाश