ट्यूबमधले फ्लोराइड, बोअरमधले फ्लोराइड

महोदय,

‘फ्लोराइड म्हणजे विष’ असा मेसेज वाचून सूनबाईंनी नातवाची पेस्ट बंद केली आणि मंजन आणले. भीती अगदीच अनाठायी नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यामुळे दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे पडलेली माणसे आम्ही लहानपणापासून पाहतो. पण ते फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेलेले. पेस्टमधले दातांच्या वरच्या थरावर काम करते, कीड रोखते आणि थुंकून टाकायचे असते. आपल्याकडे पेस्टमध्ये ते १००० पीपीएमपेक्षा (म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांहून) जास्त नसावे आणि ट्यूबवर छापावे, असा नियम आहे. (ती अक्षरे भिंगाशिवाय दिसतील तर शपथ!)

गोंधळ घालतात त्या जाहिराती, ब्रशभर पेस्ट पसरून दाखवणाऱ्या. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी पुरते; तीही मोठ्यांनी लावून द्यावी. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त फ्लोराइड असेल, तर आधी पिण्याचे पाणी बदलायला हवे. ग्रामपंचायतीने तपासणीचा अहवाल बोअरशेजारीच लावला तर पालकांना मेसेजवर विसंबावे लागणार नाही.

नातवाची पेस्ट परत आली आहे. मंजनाने सध्या देवाची भांडी घासली जातात.

– एक आजोबा, यवतमाळ