सायकलवर शिकलेले खारे वारे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत समुद्रकिनाऱ्याने लांब पल्ल्याची सायकल भटकंती कशी करावी, यावर लेख आला होता. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाटच, नवख्यानेही दिवसाला शंभर किलोमीटर धरायला हरकत नाही, असा त्याचा एकंदर सूर. तो वाचून मी आणि माझी भाची फसलो, असं म्हणण्याची सोय नाही. आम्ही आधीच जाऊन, फसून परत आलो होतो. पुढच्यांनी तरी तयारीने जावं, म्हणून हे पत्र.

मी ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे येतात ते खारे वारे, रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. आकृती काढा, बाण दाखवा, दोन गुण. त्या बाणांना फळ्यावर कधी वेग नव्हता.

त्या दिवशी पहाटे पाचला निघालो तेव्हा समुद्र डाव्या हाताला होता आणि उजवीकडून, जमिनीवरून, गार वाऱ्याची झुळूक येत होती. हाच मतलई वारा. दहा वाजेपर्यंत ६० किलोमीटर झाले, मागे कॅरिअरवर सामान असूनही. ‘मावशी, जेवायच्या वेळेला मुक्कामी पोचतो की नाही बघ,’ इति भाची. उरलेल्या ४४ किलोमीटरना आम्हाला सात तास लागले.

झालं असं, की साडेदहानंतर वारा फिरला. पाण्याला तापायला तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीपेक्षा जवळजवळ पाचपट उष्णता लागते. जमीन आधी तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची हवा आत घुसते. इथवर मला पाठ होतं. वारा दिवसभर एकाच दिशेने येत नाही, हे मात्र मी कधी शिकवलंच नव्हतं. अकराला तो डाव्या कानात घुमत होता, तीनला डाव्या डोळ्यात वाळू टाकत होता. पृथ्वीच्या फिरण्यामुळे उत्तर गोलार्धात खारा वारा दुपार चढेल तसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत जातो. त्यामुळे समुद्र डावीकडे ठेवून जाणाऱ्याला तो हळूहळू समोरून येतो आणि उजवीकडे ठेवणाऱ्याच्या पाठीशी जातो. दक्षिण गोलार्धात उलट. मोसमी किंवा दुसरा मोठा वारा सुटला असेल तर हा हिशेब बुडतो, पण शांत, उन्हाच्या दिवशी तो चालतो. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर तर उन्हाळ्यात वायव्येचा वारा ठरलेलाच, म्हणून तिथले बहुतेक सायकलस्वार उत्तरेकडून दक्षिणेला जातात.

समोरचा वारा पायांचं काय करतो, तेही सांगते. ताशी २० किलोमीटरने जाताना समोरून तेवढ्याच वेगाचा वारा आला, तर हवेचा अडथळा दुप्पट नव्हे, चौपट होतो. आम्ही उतारावरसुद्धा पेडल मारत होतो.

आता ‘सपाट’विषयी. आमच्या वाटेवरची सर्वांत उंच जागा होती ९२ मीटर. हा आकडा पाहून कुणीही सपाटच म्हणेल. पण खडकाळ किनाऱ्यावर रस्ता प्रत्येक खाडीशी उतरतो, पूल ओलांडतो आणि पलीकडच्या टेकाडावर चढतो. असे सोळा चढ, त्यातले बारा दुपारचे. संध्याकाळी हँडलवरच्या मीटरने चढांची बेरीज दाखवली ११४० मीटर. घाटातला चढ एकदाच छळतो आणि सोडतो तरी. अंतराचंही तसंच. निघण्यापूर्वी मी नकाशावर दोरा लावून मोजलं होतं ७८ किलोमीटर, पडले १०४. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब भरतो, हे गणितज्ञ मँडलब्रॉट यांनी १९६७ सालीच दाखवून दिलं आहे. मुलांना दोरा लावायला शिकवणाऱ्या बाईंना ते आठवायला हवं होतं.

तहानेचंही सांगून ठेवते. वाऱ्याने घाम लगेच वाळतो, त्यामुळे अंगातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. भाचीचे पाय चौदाव्या चढावर गोळे येऊन आखडले, तेव्हा तिची दुसरी बाटली अजून भरलेलीच होती. आणि रात्री चेन गोड्या पाण्याने पुसून तेल घालायचा मी कंटाळा केला; सकाळी तिच्यावर तांबूस गंज आणि कड्याकड्यांतून कुरकुर.

विनंती एवढीच, की यापुढे किनाऱ्यावरचा सायकलमार्ग छापताना किलोमीटरशेजारी चढांची एकूण बेरीज द्यावी आणि दुपारचा वारा कुठल्या बाजूने असतो तेही. जागा दोन ओळींची लागेल.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका

ता. क. परतीला आम्ही मुद्दाम दुपारी बाराला निघालो, समुद्र उजव्या हाताला. आदल्या दिवशीचा सात तासांचा तुकडा चार तासांत संपला. भाची म्हणाली, ‘मावशी, एका दिवसात केवढा दम वाढला गं आपला!’ मी काही बोलले नाही.