मंत्रिमहोदय, फील्डवर्कचा खर्च कोणाच्या खिशातून?

प्रति,
मा. मंत्री,
सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभाग,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सविनय जय भीम.

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीच्या, विद्यार्थ्यांना फील्डवर्कसाठी भत्ता मिळावा, या मागणीचं हे पत्र उच्च शिक्षणमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहितेय, त्याचं कारण आधी सांगते. राज्यातली अनुदानित समाजकार्य महाविद्यालयं आपल्या विभागाखाली येतात. पदवी विद्यापीठाची, पण अनुदानाची फाइल फिरते ती समाजकल्याण आयुक्तालयातून. हे बाहेर फार कुणाला ठाऊक नसतं. आमच्यासारख्यांची शिष्यवृत्ती आपल्याकडे, वसतिगृह न मिळालेल्यांना राहण्या-खाण्याचा खर्च देणारी स्वाधार योजना आपल्याकडे आणि महाविद्यालयंही आपल्याकडेच. म्हणजे एमएसडब्ल्यूला प्रवेश घ्यावा की नाही, या माझ्या घरातल्या वादाचे जवळपास सगळे धागे आपल्याच टेबलावर येऊन मिळतात.

मी मराठवाड्यातली. बी.ए. झाल्यावर मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत लागले. संस्थेकडे १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचं काम होतं. २०२३ मध्ये सरकारनं ही हेल्पलाइन संस्थांकडून स्वतःकडे घेतली आणि आमची टीम मोकळी झाली. तो निर्णय बरा की वाईट, हा वेगळ्या पत्राचा विषय. आता दुसऱ्या एका संस्थेत आहे, मानधन महिना ११,००० रुपये. कामाची सवय आहे, माणसांची भीती वाटत नाही, पोलीस स्टेशनला जाऊन बसायचंही आता काही वाटत नाही. पण दहा वर्षांचं पोर समोर गप्प बसून असतं, तेव्हा त्याला काय विचारायचं आणि काय अजिबात विचारायचं नाही, हे मी आजवर अंदाजानं करत आले. ते शिकायचंय. शिवाय सरकारी रुग्णालयातलं समाजसेवा अधीक्षकाचं पद असो की बाल संरक्षण कक्षातली वरची जागा, जाहिरात आली की आधी पदव्युत्तर पदवी विचारतात. म्हणून यंदा अर्ज भरायचं ठरवलं.

मग हिशेब मांडला. आई बचत गटाची सचिव आहे, हिशेब तिच्या हातात गेला की त्यातून काही सुटत नाही. माझा समज होता की पहिला आकडा फीचा येईल. तिनं पहिला आकडा लिहिला तो २,६४,००० रुपयांचा. दोन वर्षं घरात न येणारं माझं मानधन. फी त्याच्या खाली, बारीक अक्षरात. अनुदानित महाविद्यालयात फी फार नसते आणि आम्हाला भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. विनाअनुदानित ठिकाणी ती कित्येक पट होते, तो पर्याय आम्ही पाच मिनिटांत सोडला. इग्नूचा दूरस्थ एमएसडब्ल्यूही आहे, त्यावर मात्र बराच वेळ बोलणं झालं. पण फील्डवर्क तिथंही चुकत नाही, आणि माझ्या कामातल्या चुका दर आठवड्याला समोर बसवून दाखवणारं कुणीतरी मला हवंय.

त्यानंतर राहणं-खाणं. सरकारी वसतिगृहात नंबर लागला तर प्रश्न मिटला. नाही लागला तर स्वाधार. २०१६-१७ पासून सुरू झालेल्या या योजनेच्या मूळ रचनेत मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये धरलेत: भोजनाला ३२,०००, निवासाला २०,००० आणि निर्वाहाला ८,०००. इतर महापालिकांच्या शहरांत हीच रक्कम ५१,००० आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. योजना चांगली आहे, हे मनापासून म्हणते. माझ्या ओळखीच्या कितीतरी पोरी तिच्या आधारानं शहरात टिकल्या. पण निवासाच्या २०,००० ला बारानं भागून बघा. महिन्याला १,६६७ रुपये येतात. तेवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही जागा मिळत नाही. आणि हे पैसे येतात हजेरीचा दाखला गेल्यावर. खोलीमालक डिपॉझिट मागतो पहिल्या दिवशी.

इथपर्यंतचं रडगाणं कुठल्याही शाखेच्या विद्यार्थ्याचं असतं, मान्य. समाजकार्याची गोष्ट वेगळी होते ती यापुढे.

एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं. साधारण पंधरा तास, दोन्ही वर्षं. त्याशिवाय ग्रामीण शिबिर, आणि शेवटी महिनाभराचं ब्लॉक प्लेसमेंट, म्हणजे एकाच ठिकाणी सलग काम. फक्त आठवड्याचे तास धरले तरी चार सत्रांत नऊशेच्या आसपास जातात. हे तास कुठं जातात? जिल्हा रुग्णालयाच्या ओपीडीत, जन आरोग्य योजनेची कागदपत्रं गोळा करण्यात. बालगृहात. बालकल्याण समितीच्या दारात. न्यायालयातल्या समुपदेशन केंद्रात. वस्तीत. म्हणजे यातला बराच भाग सरकारच्याच कामात.

आमच्या संस्थेत फील्डवर्कला आलेल्या एका मुलीचं सांगते. गृहचौकशी होती एका ऊसतोड कुटुंबाची. आईबाप कारखान्यावर, पोरगा आजीकडे, आणि त्याला बालगृहात ठेवायचं की आजीकडेच राहू द्यायचं हा प्रश्न समितीपुढे. ही आमच्या केसवर्करबरोबर गेली. एसटी फाट्यापर्यंत, तिथं महिलांना अर्धं तिकीट. पण फाट्यापुढे एसटी नाही, काळीपिवळी, आणि काळीपिवळीवाल्याला महिला सन्मान योजना लागू नाही! तिनं आधी पर्स उघडून आत बघितलं, मग म्हणाली, "ताई, चालत गेलं तर किती लागेल?" चालत गेल्या दोघी. तिच्या अहवालात एक ओळ होती: घरात एक पत्र्याची ट्रंक, तिच्यावर मुलाची पुस्तकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली, पिशवी रोज सोडली-बांधली जात असल्याच्या खुणा. बाकीचे दोघंतिघं जाऊन आले होते त्या घरी, ट्रंक सगळ्यांनी पाहिली असेल, पिशवीची गाठ कुणी पाहिली नव्हती. पोरगा आजीकडेच राहिला. अहवालाखाली सही आमच्या केसवर्करची, कारण विद्यार्थ्याच्या सहीला किंमत नाही. त्या दिवसाचा प्रवासखर्च मुलीचा स्वतःचा. संस्थेकडे तेवढं बजेट नाही, महाविद्यालयाकडे तरतूद नाही.

आता याच सरकारची दुसरी योजना घ्या. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना, २०२४ ची, लोक तिला लाडका भाऊ म्हणतात. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय-पदविकावाल्याला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. पदवीधर तरुण सरकारी कार्यालयात बसून काम शिकतो, सरकार त्याला पैसे देतं. योग्यच आहे. पण शिक्षण चालू असलेल्याला ही योजना नाही. त्यामुळं एकाच इमारतीत, एका मजल्यावर फायली लावणाऱ्या पदवीधराला १०,००० आणि खालच्या मजल्यावर हिंसाचारातून आलेल्या बाईशी तासभर बोलून तिची माहिती लिहून घेणाऱ्या, तितक्याच पदवीधर विद्यार्थिनीला शून्य, असा प्रकार होतो. हा भेद मुद्दाम कुणी केला असेल असं मला वाटत नाही. विचारच झालेला नाही, एवढंच.

सरकारचाच दर लावून बघू. महिन्याचे कामाचे दिवस पंचवीस धरले तर १०,००० चे दिवसाला ४०० होतात. फील्डवर्कचे महिन्याला आठ दिवस. म्हणजे ३,२०० रुपये. माझी मागणी एवढीच आहे. शासकीय किंवा शासन-अनुदानित यंत्रणेत फील्डवर्क करणाऱ्या एमएसडब्ल्यूच्या प्रत्येक विद्यार्थ्याला, जात आणि उत्पन्न न विचारता, सत्र चालू असेपर्यंत महिन्याला ३,२०० रुपये फील्डवर्क भत्ता. उत्पन्न न विचारता हे मुद्दाम लिहिलं, कारण हा पैसा गरिबीबद्दल नाही, कामाबद्दल आहे. आणि दाखला मागितला की तलाठ्यापासून पुन्हा सगळं सुरू होतं.

यावर काय म्हणतील तेही माहीत आहे. फील्डवर्क हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्याला गुण असतात, ते श्रम नव्हेत. मग वैद्यकीय इंटर्नशिपही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, तरी तिथं विद्यावेतन आहे. कारखान्यातला शिकाऊ उमेदवार शिकतच असतो, त्याच्यासाठी १९६१ चा कायदा आहे. शिकणं आणि राबणं एकाच वेळी होऊ शकतं, हे या राज्याला नव्यानं सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं 'कमवा आणि शिका' इथंच रुजवलं. विद्यापीठांत आजही त्या नावाची योजना चालते, मुलं ग्रंथालयात, बागेत तासावर काम करतात. पण आमच्या मुलांचे जे दोन दिवस त्या कामाला द्यायचे, तेच फील्डवर्कला जातात. संध्याकाळी अहवाल लिहायचा, आठवड्याला आयसीला, म्हणजे वैयक्तिक चर्चेला, मार्गदर्शकासमोर बसायचं. कमवायला वेळ उरतो कुठं?

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. भत्ता सुरू झाला की महाविद्यालयं मुलांना सोयीच्या कार्यालयांत पाठवतील, आणि लहान संस्था, ज्यांना खरी गरज आहे, त्या ओस पडतील. मी लहान संस्थेत काम करते, मला ही भीती आपल्यापेक्षा जास्त आहे. म्हणून सुरुवात सरकारी प्लेसमेंटपासून करा, पण वर्षभरात नोंदणीकृत संस्थांचाही विचार करा, निदान प्रवासखर्चापुरता. बालगृहं तर अनेक संस्थांचीच आहेत आणि त्यातली मुलं सरकारनं सोपवलेली.

शिष्यवृत्तीबद्दलही लिहायला हवं, कारण आईच्या हिशेबात त्या ओळीसमोर तिनं प्रश्नचिन्ह काढलंय. २०२० च्या अखेरीस अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची रचना बदलली, केंद्र ६० आणि राज्य ४० टक्के असं ठरलं आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येऊ लागला. थेट येणं चांगलंच. पण वाटा उशिरा येतो तेव्हा महाविद्यालयाच्या खिडकीवर उत्तर द्यायला विद्यार्थी एकटा उभा असतो. आधी सरकार आणि महाविद्यालय आपसात बघून घेत होते, आता देणेकरी आम्ही. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाखांची. मोठ्या संस्थांनाही हे चुकलं नाही. मुंबईतली टाटा समाजविज्ञान संस्था म्हणजे १९३६ मध्ये सुरू झालेली देशातली पहिली समाजकार्याची शाळा. तिथं २०१८ च्या फेब्रुवारीत शिष्यवृत्तीधारक मुलांनी संप केला तो वसतिगृह आणि भोजनाचे पैसे आधी भरायला सांगितले म्हणून. समाजातल्या विषमतेवर शिकवणाऱ्या वर्गांबाहेर मुलं बसली होती. जिथं तिथं अडचण एकच: पैसे मंजूर असतात, पण वेळेवर नसतात. प्रवेश निश्चित होताच पहिला हप्ता, निदान निर्वाह भत्त्याचा, खात्यात पडला तर निम्मी भांडणं होणारच नाहीत.

कर्ज काढायचं का, हेही झालं बोलून. दोन लाखांचं कर्ज, दहा टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता सव्वाचार हजारांच्या आसपास. आता मिळकतीची बाजू बघा. मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या सामाजिक कार्यकर्त्याला महिन्याला १८,५३६ रुपये आहेत, संरक्षण अधिकाऱ्याला २७,८०४. दोन्ही कंत्राटी. समजा १८,५३६ ची जागा मिळाली. आजच्या माझ्या मानधनापेक्षा साडेसात हजार जास्त. फक्त बुडालेलं मानधन भरून काढायलाच जवळपास तीन वर्षं जातील, कर्जाचा हप्ता बाजूला ठेवून. कुठल्याही व्यापाऱ्याला दाखवला तर हा सौदा तो करणार नाही. आई व्यापारी नाही, तरी तिनं पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग शिकून तुझ्यात काय वाढंल ते सांग, पैशाचं बघितलं मी." मी तिला त्या गप्प बसणाऱ्या पोरांचं सांगितलं. तिनं हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही, गटातून किती उचलता येतील त्याचा आकडा मात्र खाली लिहिला. गटाचं व्याज शेकडा दोन, महिन्याला.

आपण म्हणाल, पदांचा पगार हा केंद्राचा विषय, शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा, फी विद्यापीठाचा विषय. म्हणूनच मी मागणी एकाच गोष्टीपुरती ठेवलीय. फील्डवर्क भत्त्याला केंद्राची परवानगी लागत नाही. महाविद्यालयं आपली, आयुक्तालय आपलं. प्रत्येक महाविद्यालयाकडे कोणता विद्यार्थी कुठल्या यंत्रणेत जातो याची यादी दरवर्षी तयार असते, हजेरीवर यंत्रणेच्या अधिकाऱ्याची सही असते. नवीन पोर्टल काढावं लागणार नाही. (कृपा करून काढूही नका.)

माझा अर्ज मी भरणार आहे, शासन निर्णय निघो न निघो. पण आमच्या तालुक्यातल्या दोन मुली, दोघीही माझ्यापेक्षा हुशार, यंदा हिशेबावरच थांबल्या. एक कापडाच्या दुकानात लागलीय, दुसरीचं लग्न ठरतंय. पुढच्या जूनच्या आत निर्णय झाला तर त्यातली निदान एक अर्ज भरेल, असं तिनं मला सांगितलंय. आयुक्तालयानं यादी मागवायची ठरवलं तर आमची संस्था आपल्याकडे फील्डवर्कला येणाऱ्या विद्यार्थ्यांचा तपशील आठवड्याभरात देईल.

आपली,
एमएसडब्ल्यू प्रवेशाची एक अर्जदार