शिफारशीच्या कपाटामागच्या ताई-दादांना

ग्रंथालयाच्या देवघेव विभागातील (पुस्तकं देण्या-घेण्याच्या टेबलावरच्या) सर्व ताई-दादांना,
स. न. वि. वि.

‘आम्ही वाचलं, आवडलं’ हे तुमचं शिफारशीच्या पुस्तकांचं कपाट कसं चालतं, ते तुम्ही शेजारच्या तालुक्यांत देवघेव सांभाळणाऱ्या आम्हा सगळ्यांना हातचं काही न राखता समजावून दिलंत. त्याचे हे आभार. जाहीर अशासाठी की कपाटासमोर उभ्या राहणाऱ्या वाचकाला पुस्तकाखालची शिफारशीची चिठ्ठी तेवढी दिसते, चिठ्ठीमागचा खटाटोप दिसत नाही.

आधी ती चिठ्ठीच. पुस्तकांच्या नोंदी संगणकावर चढल्या की त्या नोंदींची जुनी तालिका कार्डं रद्दीत जातात. तुम्ही ती ठेवलीत. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरचं जाड कार्ड, मागची बाजू कोरी, आणि खालच्या कडेशी मधोमध खणातली सळई ओवायचं भोक. कार्ड उलटं धरलं की भोक वर येतं. त्यात दोरा, दोरा फळीच्या कडेवरच्या चुकेला, आणि चिठ्ठी बरोबर त्या पुस्तकाखाली लटकते. पुस्तकाला चिकटपट्टी लागतच नाही. सेलोटेपचा गोंद काही काळाने पिवळा पडतो आणि काढताना मुखपृष्ठाचा पापुद्रा घेऊन येतो. कण्यावर लावला तर वर्गांकच (पुस्तकाची जागा सांगणारा आकडा) झाकतो, मग ते पुस्तक परत कुठल्या फळीवर ठेवायचं हे शोधत बसा.

चिठ्ठीवर ओळी चारच. पुस्तक कशाबद्दल आहे, सुरुवात कुठून करावी, कुणाला आवडणार नाही, आणि वाचणाऱ्याचं आद्याक्षर व महिना. मलपृष्ठावरचा मजकूर उतरवायचा नाही; तो वाचकाला पुस्तक हातात घेतलं की मिळतोच. तिसरी ओळ लिहायला धीर लागतो. ‘वेगवान कथानक हवं असेल तर हे नको’ असं लिहिलं की पुस्तक पडून राहील असं वाटतं. पण तसं होत नाही. चुकीच्या हातात गेलेलं पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत येतं, आणि तो वाचक पुढची चिठ्ठी वाचायचं सोडून देतो.

दोन चिठ्ठ्यांची नक्कल आम्ही करून घेतली आहे. एक दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ची: ‘चैत्रापासून सुरू करू नका. चालू महिना काढा, तेवढाच वाचा, बाकीचे त्या त्या महिन्यात.’ महिन्यागणिक एक लेख असलेल्या पुस्तकाची याहून चांगली ओळख करून देणं कठीण आहे. (पुस्तकाची मुदत वाढवून घ्यायला फेऱ्या वाढतात, तेवढं चालवून घ्यायचं.) दुसरी गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची. तिथे तुम्ही आवृत्तीच सांगितलीत. १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी हे पुस्तक छापलं ते मजकुरात फेरफार करून. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ हस्तलिखितावरून काढलं. फळीवर दोन्ही प्रती शेजारी असतात आणि वाचक जी कमी फाटलेली ती उचलतो. चिठ्ठीवर ‘पोतदारांची प्रत घ्या, पहिली १५ पानं भाषा अडेल, पुढे अडत नाही’ असं असलं की काम झालं.

पुस्तकं निवडायची तुमची रीत तर आम्ही आहे तशीच उचलली. पारितोषिक मिळालेलं, पेपरात गाजलेलं पुस्तक कपाटात ठेवायचंच नाही. त्याला आधीच रांग असते. शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठी बघायची. शेवटचा शिक्का दोन वर्षांपूर्वीचा असेल आणि आपल्यापैकी कुणी ते खरोखर पूर्ण वाचलेलं असेल, तर ते कपाटाचं पुस्तक. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांची पाच सूत्रं १९३१ पासून आपण सगळेच पाठ म्हणतो. त्यातलं तिसरं, ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’, बहुतेक ठिकाणी भिंतीवरच्या तक्त्यात राहतं. निर्लेखनाच्या (संग्रहातून काढून टाकायच्या) यादीत जाणारी पुस्तकं तुम्ही अशी परत फिरवलीत.

कपाटात ठेवण्याआधीची तपासणी मात्र कुणी सांगितल्याशिवाय सुचत नाही. पानं मोजायची, कारण जुन्या बांधणीत एखादा फॉर्मा (एकत्र शिवलेल्या पानांचा जुडगा) सुटलेला असतो आणि शिफारस केलेल्या रहस्यकथेची शेवटची १६ पानं नसणं म्हणजे शिव्या खाणं. दोन भागांचं असेल तर दुसरा भाग इमारतीत आहे का ते आधी बघायचं. टाइप बारीक असेल तर चिठ्ठीवर तसं लिहायचं, आणि ८०० पानांचं जाडजूड पुस्तक असेल तर ‘पडून वाचता येणार नाही’ हेही. आजोबांच्या वयाच्या सभासदांना लेखकाच्या नावाआधी ही माहिती हवी असते.

एका वेळी १२ पुस्तकं, दर सहा आठवड्यांनी बदल. जास्त ठेवली की चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. पुस्तक बाहेर गेलं तरी चिठ्ठी तिथेच, मागे नाव नोंदवायची जागा, पण तीनच नावं. चौथ्याचा नंबर येईपर्यंत त्याचा उत्साह संपलेला असतो. मूळ फळीवर पुठ्ठ्याची डमी आणि संगणकात जागा ‘शिफारस’ अशी बदललेली. ही नोंद करायची राहून गेली की पुस्तक ‘आहे’ दिसतं, सापडत नाही, आणि वार्षिक मोजणीत हरवलेल्यांत जातं. कपाट बंद पडतं ते बहुधा याच कटकटीने.

जिथे पुस्तकांची कपाटं वाचकांसाठी खुली नसतात आणि वाचक टेबलावरूनच ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणतो, तिथे तुमचे दोन प्रश्न उपयोगी पडतात: मागचं कुठलं आवडलं, आणि कुठलं अर्धवट परत केलं? दुसऱ्याच्या उत्तरातून जास्त कळतं. दिवाळी अंकांचंही तसंच. अंक हाती असतो जेमतेम दोन-चार दिवस, तेव्हा अख्ख्या अंकाची शिफारस काय कामाची? ‘पान ११२ वरची कथा आधी’ असं सांगितलं तर निदान ती तरी वाचून होते.

हे सगळं देवघेवीची गर्दी सांभाळून, आणि आपल्या क्षेत्रातल्या पगारात. वाचनही घरी, स्वतःच्या वेळात. म्हणून मनापासून आभार.

सोबत कोऱ्या पाठीच्या तालिका कार्डांचा गठ्ठा पाठवत आहोत, ३०० तरी असतील. काहींची भोकं फाटली आहेत, ती वर ठेवली आहेत. दोरा तुमच्याकडचाच वापरा, आमचा सुटतो.

कळावे, लोभ असावा.

आपले,
शेजारच्या तालुक्यांतील देवघेव टेबलांवरचे सहकारी