मे महिन्यात मोरोक्कोला

रॉटरडॅम,
११ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांना,
सा. न.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "मोरोक्को? तिथं आपलं काय आहे?" तेव्हा मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमचं तिथं बरंच काही आहे. बार्शीच्या दुकानात तीस वर्षं तुम्ही अठरा-सेहेचाळीस खताची पोती उतरवून घेतलीत. त्यातलं सेहेचाळीस म्हणजे स्फुरद (फॉस्फेट), आणि त्याचा खडक आपल्या देशात फार थोडा. जगातला सर्वांत मोठा साठा मोरोक्कोत आहे. तिथून कधी नुसता खडक, कधी फॉस्फोरिक ॲसिड, कधी तयार डीएपी, म्हणजे तेच अठरा-सेहेचाळीस, जहाजानं आपल्याकडे येतं. खौरिब्गाच्या खाणीतला खडक पाण्यात कालवून पाइपातून समुद्रकाठच्या जोर्फ लास्फरच्या कारखान्यांपर्यंत नेतात. खाणीच्या आत जायला मिळेल असं मी कबूल करत नाही. पण कासाब्लांकाहून मराकेशला जाणारी रेल्वे बेनगरीरवरून जाते, आणि तिथेही फॉस्फेट निघतं. खिडकीची जागा तुमची.

आणि मेच का, तर आपण मे महिन्यात कधीच कुठे गेलो नाही. वर्गातल्या मुली सुट्टीत मामाच्या गावाला जायच्या, आपल्याकडे खरिपाचा माल भरायची गडबड असायची. मी चौथीत असताना गणपतीपुळ्याला जायचं ठरलं होतं. आईनं बॅग भरली, आणि संध्याकाळी खताची मालगाडी, म्हणजे रेक, लागल्याचा फोन आला. आईनं काही न बोलता कपडे परत कपाटात लावले. बाबा, मला तेव्हा तुमचा राग आला होता. पेरणीच्या तोंडावर दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे पुढे कळलं. आता दुकान दादा बघतो. यंदाचा मे तुमचा आहे.

आई, तुझ्यासाठी गुलाब. ॲटलस पर्वताच्या पलीकडे कलात मगूना नावाचं गाव आहे. तिथे शेताच्या बांधाबांधानं दमास्क गुलाबाची झुडपं लावलेली आहेत. एप्रिलच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत फुलं येतात, पुढे संपलं. बायका भल्या पहाटे फुलं खुडतात, कारण ऊन चढलं की पाकळीतला वास उडतो. मग तांब्याच्या भांड्यातून अर्क काढून गुलाबपाणी करतात. तू गच्चीवर बरणी उन्हात ठेवून गुलकंद करतेस ना, तोही याच जातीच्या गुलाबाचा चांगला होतो म्हणतात. शेजारच्या मोरोक्कन आजींनी मला त्या गुलाबपाण्याची बाटली दिली आहे. झाकण उघडलं की आपली गच्ची आठवते.

म्हणून २ मेला पोहोचायचं. बकरी ईद २७ मेच्या आसपास येते. तेव्हा सगळा देश आपापल्या गावी निघतो, गाड्या भरलेल्या असतात, दुकानं बंद. आपण १४ मेला परत फिरलेले असू.

मराकेशहून गाडीनं तिझि न'तिश्काचा घाट चढायचा. २,२६० मीटर उंच आहे आणि वळणं भरपूर, तेव्हा आईची उलटीची गोळी आधीच. त्या दिवशी वारझाझातला मुक्काम, वाटेत आयत बेनहद्दू हे मातीच्या भिंतींचं जुनं गाव. वर चढायची गरज नाही, नदीच्या अलीकडूनही ते पुरतं दिसतं. वाळवंट मी वगळलं. मेमध्ये ते तापतं आणि प्रवास फार लांबतो. शेफशावेनची निळी घरं सुंदर आहेत, पण सगळा चढउतार, बाबांच्या गुडघ्यांना झेपायचा नाही.

फेस हे शहर मात्र सोडायचं नाही. जुन्या शहराच्या बोळांत गाड्या जातच नाहीत, सामान गाढवांवरून येतं आणि मागून "बालाक!" अशी आरोळी आली की भिंतीला टेकायचं. करवियीन ही मशीद आणि विद्यापीठ तिथेच. इ.स. ८५९ मध्ये फातिमा अल-फिहरी या बाईनं ती उभारली, असं परंपरा सांगते. मुसलमान नसल्यानं आपल्याला आत जाता येणार नाही, दारातून अंगण दिसतं. कासाब्लांकाची हसन दुसरे यांची मशीद मात्र सगळ्यांना आतून दाखवतात. जुन्या घरांचे जिने फार उभे असतात, म्हणून तळमजल्याचीच खोली मागितली आहे.

जेवणाची काळजी नको. झालूक म्हणजे टोमॅटो घातलेलं वांग्याचं भरीतच. बिसारा हे वाळवलेल्या फावा बीन्सचं पिठलं, वर जिरं आणि ऑलिव्हचं तेल. कुसकुस, म्हणजे रव्याच्या बारीक कण्या, भाज्यांचा दिसला तरी मांसाच्या रश्शात शिजवलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक ठिकाणी मी आधी विचारेन. पुदिन्याचा चहा पाकासारखा गोड देतात. बाबा, "ब्ला सुक्कर" हे दोन शब्द पाठ करा, म्हणजे साखरेशिवाय.

तुमच्या विमानाच्या आदल्या दिवशी मी कासाब्लांकात पोहोचलेली असेन, बाहेर पडलात की समोर मीच. आईनं व्हीलचेअरला नाही म्हणू नये, विमान बदलताना फार चालावं लागतं.

दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो दादाकडून पाठवा. आईचा सप्टेंबरात संपतो आहे, तो आत्ताच नव्यानं काढायला टाका. आणि आई, जमलं तर गुलकंदाची एक लहान बरणी आण. आजींना द्यायची आहे.

तुमची,
वैशू